ॲल्युमिनिअमचा ओतीव गोळा आतून पोकळ का येतो?

हवेची_तोफ:

मी आणि माझा धाकटा भाऊ गेले वर्षभर दाबलेल्या हवेवर चालणारी एक छोटी तोफ हाताळतोय. आतापर्यंत तिच्यातून फक्त फोमचे चेंडू उडवले, ७ सेंमी व्यासाचे आणि १५ ग्रॅम वजनाचे. सुटताना झकास सुटतात, पण थोड्याच अंतरावर हवेत रुतल्यासारखे मंदावतात. म्हणून धातूचे गोळे ओतायचे ठरवले.

खिडकीच्या जुन्या चौकटीचे ॲल्युमिनिअम घेतले. ते पत्र्याच्या जाड डब्यात कोळशावर वितळवले. साचा प्लास्टर ऑफ पॅरिसचा, दोन अर्धुकांचा, ४० मिमी व्यासाचा. दोन दिवस कडक उन्हात वाळवला. धातू ओतायला वरून ६ मिमीचे भोक ठेवले होते. एकूण पाच गोळे ओतले. बाहेरून पाचही छान गुळगुळीत दिसतात, फक्त भोकाजवळ खळगा पडतो.

वजन केले तेव्हा शंका आली. ४० मिमीचा भरीव गोळा साधारण ९० ग्रॅम भरायला हवा. माझा भरला ८४. एक गोळा हॅकसॉने मधोमध कापला तर आत बोटाचे पेर मावेल एवढी पोकळी! तिच्या भिंती खडबडीत, दाणेदार आहेत. शिवाय कडेने, सालीच्या लगेच खाली, टाचणीने टोचल्यासारखी बारीक गोल छिद्रे आहेत. ती मात्र आतून चकचकीत.

माझे दोन प्रश्न आहेत. ही पोकळी कशाने येते? आणि ॲल्युमिनिअमऐवजी शिसे वापरले तर हा त्रास टळेल का? शिसे ३२७ अंशांवरच वितळते, म्हणजे कामही सोपे होईल असे वाटते.

भौतिकवाली:

पोकळीचे उत्तर इथले ओतकामवाले देतीलच. मला त्याआधीचे सांगायचे आहे. कृपा करून हे गोळे तोफेत घालू नका.

हिशेब तुमच्याच आकड्यांनी करते. दोन्ही सेकंदाला ६० मीटर वेगाने सुटले असे धरू. १५ ग्रॅमच्या फोमची ऊर्जा २७ ज्यूल. ८४ ग्रॅमच्या ॲल्युमिनिअमची १५१ ज्यूल. ताशी १४४ किमी वेगाने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूची साधारण १२८ ज्यूल असते, आणि त्याच्यासमोर फलंदाज हेल्मेट-पॅड घालून उभा असतो.

पण खरा फरक पुढे आहे. तुम्हाला फोमचे जे मंदावणे खटकते, तेच तुम्हाला वाचवत आलेले आहे. हवेच्या रोधाने त्या चेंडूचा वेग साधारण १० मीटरांत निम्मा होतो, म्हणजे ऊर्जा पाव उरते. ४० मिमीच्या धातूच्या गोळ्याचा वेग निम्मा व्हायला १५० मीटरांहून जास्त अंतर लागते. एवढ्या अंतरात कोण आहे हे तोफेमागे उभे राहून कळत नाही. गोळा दगडावर आपटला तर उलटून कुठे जाईल तेही कळत नाही. त्यात तुमचा गोळा आतून असमान पोकळ, म्हणजे गुरुत्वमध्य बाजूला सरकलेला. तो सरळ जाईल याचीही खात्री नाही.

आणखी एक. तोफेची नळी पीव्हीसीची असेल तर प्रयोग आजच थांबवा. तो पाइप पाण्यासाठी असतो. पाणी जवळजवळ दाबलेच जात नाही, त्यामुळे पाइप फुटला तरी त्यात साठलेली ऊर्जा थोडी असते. हवा दाबलेल्या स्प्रिंगसारखी असते. उन्हाने किंवा थंडीने कडक झालेले पीव्हीसी फुटते तेव्हा त्याचे टोकदार तुकडे होऊन चारी दिशांना उडतात.

जुना_मोल्डर:

ओतकामात माझी सत्तावीस वर्षे गेली. सुरुवात मोल्डर म्हणजे साचे भरणारा म्हणून, शेवटची नऊ वर्षे पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे साच्यात ठसा उमटवायचे लाकडी नमुने करतात तिथे. तू वयाने लहान दिसतोस, म्हणून अरे-तुरे करतो.

आधी वरच्या ताईंच्या म्हणण्याला माझा पूर्ण दुजोरा. तोफेतून उडवायला गोळा कसा ओतावा हे मी सांगणार नाही. पण तू गोळा कापून बघितलास, वजन केलेस, छिद्रे दोन तऱ्हेची आहेत हे टिपलेस. असे बघणारा माणूस ओतकामाला हवा असतो. म्हणून बाकीचे सगळे सांगतो.

तुझ्या गोळ्यात दोन वेगळे दोष आहेत आणि त्यांची कारणेही वेगळी आहेत. मधली खडबडीत पोकळी आकसण्याची. पातळ ॲल्युमिनिअम गोठताना त्याचे आकारमान सहा-सात टक्क्यांनी कमी होते. तुझे वजन सहा ग्रॅमने कमी, म्हणजे ९० मध्ये साडेसहा टक्क्यांच्या आसपास. धातूला जेवढी जागा कमी पडली तेवढी पोकळी तुला मिळाली, अगदी चोख. दाणेदार भिंती म्हणजे अर्धवट वाढलेले स्फटिक. त्यांच्यामधला पातळ धातू ओढला गेला आणि ते उघडे पडले.

ही तूट भरून निघायला हवी होती वरच्या भोकातून. पण भोक ६ मिमीचे आणि गोळा ४० चा. भोकातला धातू काही सेकंदांत गोठला आणि दार बंद झाले. आतले ॲल्युमिनिअम अजून पातळ होते. पुढे ते आकसत गेले आणि त्याला वरून थेंबही मिळाला नाही. ख्वोरिनोव्ह नावाच्या माणसाने १९४० साली याचा नियम मांडला. ओतीवाचे आकारमान भागिले त्याचा पृष्ठभाग हे गुणोत्तर घ्यायचे. गोठायला लागणारा वेळ त्याच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. तेवढ्याच आकारमानाला सगळ्यात कमी पृष्ठभाग असणारा आकार गोल. म्हणजे गोळा सगळ्यात उशिरा गोठतो, आणि तू त्याला जोडलीस सगळ्यात लवकर गोठणारी मान. शिसे घेतलेस तरी हेच होणार. शिसे आकसते कमी, पण आकसते. सगळे धातू साधारण तसेच. बिस्मथ गोठताना फुगतो, पण तो अपवाद.

शिशाचा विचार मात्र मनातून काढून टाक. लोक धुराला घाबरतात, पण या कामात शिसे पोटात जाते ते जास्त करून वितळलेल्या शिशावर धरणाऱ्या मळीच्या भुकटीतून. ती हाताला, कपड्यांना, जमिनीला लागते. घरात लहान मूल असेल तर ते त्याच जमिनीवर रांगणार. मुलांच्या मेंदूला शिशाची कुठलीच मात्रा सुरक्षित नाही.

आता बारीक चकचकीत छिद्रे. ती वायूची. तुझे प्लास्टर उन्हात वाळले असे तुला वाटले, पण वाळले ते वरचे पाणी. घट्ट झालेल्या प्लास्टरमध्ये वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढे पाणी रासायनिक बंधाने अडकलेले असते. ऊन त्याला हात लावू शकत नाही, त्याला भट्टीचीच उष्णता लागते. सातशे अंशांचा धातू त्यावर पडला की ते पाणी वाफ होऊन सुटते. ॲल्युमिनिअम त्या वाफेतला ऑक्सिजन खेचून घेते आणि हायड्रोजन स्वतःत विरघळवते. गोठताना तोच हायड्रोजन बाहेर टाकते, पण तोवर वर साल धरलेली असते. म्हणून छिद्रे सालीखाली.

छिद्रांवर निभावले हे नशीब समज. पाण्याची वाफ होताना आकारमान सोळाशे पटींहून जास्त वाढते. मी शिकाऊ असताना एकाने बाहेर दवात पडलेली लगड न तापवता सरळ मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात टाकली. आवाज झाला आणि अर्धी मूस छताला जाऊन चिकटली. माझ्या मानेवर रुपयाएवढा डाग अजून आहे. ज्याने लगड टाकली त्याचा उजवा डोळा गेला. तो माझ्याच वयाचा होता, एकोणीस वर्षांचा. म्हणून सांगतो, मुशीत जाणारा प्रत्येक तुकडा, ढवळायची सळई, सांडशीचे तोंडसुद्धा आधी भट्टीच्या काठावर तापव. ओतायची जागा काँक्रीटची नको, काँक्रीटमध्येही पाणी असते आणि त्याच्या कपच्या उडतात. कोरड्या वाळूचा थर पसर आणि त्यावर काम कर.

पत्र्याचा डबाही नको. पातळ ॲल्युमिनिअम लोखंड हळूहळू विरघळवते, आणि डब्याचे बूड कधी जाईल ते सांगून जात नाही. ग्रॅफाइटची मूस घे.

आणि काय ओतायचे म्हणशील तर ओळंबा ओत. गंमत बघ, गोळा हा भरायला सगळ्यात हट्टी आकार आणि ओळंबा सगळ्यात गुणी. टोक खाली, रुंद बाजू वर. टोक आधी गोठते, मग गोठण वर सरकत जाते, आणि प्रत्येक थराला वरचा पातळ धातू मिळतो. वर रायझर, म्हणजे जादा धातूचा साठा ठेवला की शेवटची तूट त्याच्या पोटात जाते. नंतर रायझर कापून टाकायचा.

साचा वाळूचा भरायचा, त्यासाठी लाकडाचा पॅटर्न कर. वरचा व्यास ३६ मिमी, उंची ८० मिमी असा शंकू आणि त्याच्या डोक्यावर तेवढ्याच व्यासाचा ४० मिमी उंच दंडगोल. तो दंडगोल म्हणजेच तुझा रायझर. ख्वोरिनोव्हच्या गुणोत्तराने तो शंकूच्या सव्वापट भरतो, पुरेसा आहे. वरच्या अंगाला किंचित उतार दे म्हणजे पॅटर्न वाळूतून सरळ वर निघेल. साचा दोन पेट्यांत दुभागून भरायची भानगडच नाही.

हवेची_तोफ:

काका, तुमचे उत्तर भावाला मोठ्याने वाचून दाखवले. नळी पीव्हीसीचीच होती, ती आम्ही कापून टाकली. मानेच्या डागाचे वाचल्यावर साचे उचलून फेकायचीही भीती वाटली, मी तर ते न तापवताच वापरले होते.

एक शंका आहे. ओतकामाची वाळू ओलीच असते ना? मग ओले प्लास्टर धोक्याचे आणि ओली वाळू चालते, हे कसे?

जुना_मोल्डर:

चांगला प्रश्न. वाळूच्या दाण्यांमध्ये वाट असते, प्लास्टरमध्ये नसते. वाफ झाली की ती वाळूतून मागे पसरून निघून जाते. प्लास्टरमध्ये कोंडते आणि धातूतून वाट काढते. म्हणूनच वाळू जास्त ठोकायची नाही, ठोकून ठोकून तिची वाट बंद होते. आम्ही साचा भरून झाल्यावर बारीक तारेने वाळूला भोके पाडायचो, पॅटर्नच्या पृष्ठभागाच्या थोडे अलीकडे थांबून.

ओलावाही बेताचाच हवा, वजनाने तीन ते पाच टक्के. बारीक वाळू, त्यात बेंटोनाइट ही चिकट माती. मुठीत दाबली की मुटका झाला पाहिजे, हाताला पाणी लागता कामा नये, आणि मुटका मोडला की कड स्वच्छ तुटली पाहिजे. कड भुरभुरली तर पाणी कमी, तळवा ओला झाला तर जास्त. जास्त झाली तर त्या दिवशी ओतायचेच नाही. कोरडी वाळू चाळताना तोंडाला चांगला मास्क लाव. ती धूळ फुप्फुसात जाऊन बसली की निघत नाही. माझ्यासोबतचे दोघे त्यानेच खंगले.

ओतताना चामड्याचे हातमोजे, चेहऱ्यावर पूर्ण शील्ड, सुती जाड कपडे. पँटचे पाय बुटांवरून खाली सोड, बुटात खोचू नकोस. धातू बुटात गेला तर बूट काढेपर्यंत उशीर होतो. ओतून झाले की रायझरवर कोरडी गरम राख टाक, तो जास्त वेळ पातळ राहील.

ॲल्युमिनिअमचा ओळंबा वाऱ्याने हलेल. तो सरावाचा धर. हात बसला की जस्ताचा कर, तो सुमारे अडीचपट जड असतो आणि ४२० अंशांवर वितळतो. पण जस्ताची स्वच्छ लगड विकत घे. गॅल्व्हनाइज्ड भंगार वितळवू नकोस. जस्त फार तापले की पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो.

हवेची_तोफ:

काल ओतला. पहिला साचा पॅटर्न काढताना ढासळला, वाळूत पाणी कमी होते. दुसरा टिकला. राख टाकल्यावर रायझरचा माथा हळूहळू आत बसत गेला, ते डोळ्यांनी पाहिले.

रायझर कापला तर त्याच्यात खोल खळगा होता, खडबडीत, दाणेदार, गोळ्यातल्या पोकळीसारखाच. पण तो रायझरच्या निम्म्यातच संपला. खाली कापाचा चेहरा एकसंध. सालीखाली छिद्रे शोधली, भिंगाने बघूनही फक्त दोन सापडली.

मोजमाप: पॅटर्न ८० मिमीचा होता, ओळंबा ७९ भरला, वरचा व्यास साडेपस्तीस. त्या मापाने हिशेबाचे वजन ७०.४ ग्रॅम येते. काट्यावर ७० भरले.

जस्ताची लगड मागवली आहे. आधीचे पाचही गोळे, कापलेल्या गोळ्याच्या दोन्ही अर्धुकांसकट, काठावर नीट तापवून कालच्या मुशीत वितळवले. ओळंबा त्यांचाच आहे.