थंडीत सीलिंग फॅन उलटा फिरवायचा का?

निवांत_कोपरा:
नवीन बीएलडीसी (कमी विजेवर चालणाऱ्या मोटरचा) फॅन लावलाय, रिमोटवर उलट फिरवायचं बटण आहे. थंडीत उलटा ठेवा एवढंच माहितीपत्रकात लिहिलंय, का ते नाही. आईला रात्री अंगावर वारं सहन होत नाही, खांदे आखडतात, आणि फॅन बंद केला की मला इतकं कोंदट होतं की झोपच लागत नाही. उलटा फिरवून खरंच फरक पडतो का? आणि सुलटं कुठलं, उलटं कुठलं ओळखायचं कसं?

तारजोड:
खाली उभं राहून वर बघा. पाती घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध फिरत असतील तर बहुतेक फॅनमध्ये हवा खाली येते, ती उन्हाळ्याची दिशा. बहुतेक म्हणतोय कारण खरा खेळ पात्याच्या तिरकेपणाचा आहे, वर उचललेली कड पुढे असेल तर पातं हवा खाली दाबतं, खालची कड पुढे असेल तर वर ओढतं. तरी शंका असेल तर टिश्यूची पट्टी फॅनखाली धरा, जोरात फडफडली तर हवा खाली येतेय. दिशा बदलताना फॅन आधी पूर्ण थांबू द्या हं, फिरत्या मोटरला उलटा झटका देऊ नका.

ऊबदार:
गरम हवा हलकी, ती छताखाली जाऊन बसते. फॅन उलटा आणि एकदम हळू ठेवला की मधली हवा वर जाते, छताला लागून पसरते आणि भिंतींच्या कडेने खाली उतरते, म्हणजे वरची ऊब खाली येते पण थेट झोत लागत नाही. मात्र हे जाणवतं ते हीटर चालू असेल किंवा छत उंच असेल तर. हीटर नसेल तर खोली गरम होईल ही आशा सोडा, फॅन ऊब तयार करत नाही. तुमच्या आईंसाठी फायदा वेगळा आहे, हवा खेळती राहील आणि अंगावर येणार नाही. स्पीड एकवरच ठेवा, आणि त्यांचा पलंग भिंतीला चिकटून असेल तर थोडा पुढे ओढा कारण हवा उतरते तिथूनच.

घामाघूम:
उन्हाळ्याचंही सांगतो. फॅन खोली थंड करत नाही, आपल्याला करतो, घाम वाळवून. त्यामुळे रिकाम्या खोलीत चालू ठेवून उपयोग शून्य, उलट मोटरची थोडी उष्णता वाढते. एसीसोबत लावला तर एसी दोनेक डिग्री वर ठेवला तरी तेवढंच बरं वाटतं, वीज वाचते ती तिथे. हवा ३५ डिग्रीच्या वर गेली की मात्र ती त्वचेपेक्षा गरम असते, मग सगळी भिस्त घामावर, म्हणून पाणी पीत राहा आणि वयस्कर माणसांना फक्त फॅनच्या भरवशावर ठेवू नका.

खिडकी_उघडी:
आमच्या जुन्या फॅनला दिशेचं बटणच नाही, पण कंडेन्सर (मोटर सुरू करायला मदत करणारा छोटा भाग) बदलल्यापासून जोरात फिरतो आणि खाली हवाच नाही?

तारजोड:
@खिडकी_उघडी तो उलटा फिरत असणार. कंडेन्सरची वायर चुकीच्या वाइंडिंगला (मोटरमधल्या तारेच्या वेटोळ्याला) गेली की मोटर उलटी फिरते. ज्याने बदललाय त्यालाच बोलवा, मेन स्विच बंद करून जोडणी बदलली की झालं, नवीन फॅन घ्यायला जाऊ नका.