मदत हवी आहे: आखूड पापलेट समुद्रात टाकायचं की बंदरावर आणायचं?

मंडळी, २०२३च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात ५४ जातींना किमान आकारमान लागू झालं, म्हणजे त्याहून आखूड मासा पकडायचा नाही. पापलेट १३५ मिमी, बांगडा १४०, बोंबील १८०, सुरमई ३७०. अडचण ट्रॉलची, म्हणजे बोटीमागे ओढायच्या जाळ्याची आहे. जाळ्याच्या शेपटाच्या पिशवीला ४० मिमीची चौकोनी आस (जाळ्याचं भोक) असली तर ओढ बसूनही ती उघडी राहते, तिरकी आस मिटते. तरी पापलेट पडलं चपटं नि रुंद, ते अडकतंच, आणि वर येईतो मेलेलं असतं.

युरोपीय संघात २०१९पासून अशी आखूड मासळी, काही सवलती सोडल्या तर, बंदरावर आणावीच लागते. मात्र ती थेट माणसाच्या खाण्यासाठी विकता येत नाही. आपल्याकडे मेलेल्या पिल्लांचं काय करायचं? कुटीत (सुकवून दळलेल्या मासळीच्या भुकटीत) घातली तरी कारवाई होते का? कुणाकडे लेखी आदेश असेल तर मजकूर टाका. आणि लांबी शेपटीच्या टोकापर्यंत मोजतात की खाचेपर्यंत? पापलेटला हा फरक बराच पडतो.