शब्द हवा: ऑनलाइन खोटं आजारपण मांडणाऱ्याला मराठीत काय म्हणायचं?

धंतोलीची_ताई
किडनी पेशंटच्या घरच्यांचा नागपुरात आमचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्याच्या नियमांचं पत्रक मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं आणि एका शब्दावर गाडी अडली. ग्रुपवर एक बाई कित्येक महिने मुलाच्या डायलिसिसचं लिहायची, लोक रात्र रात्र तिला धीर देत बसायचे. मग तिनं एक फोटो टाकला आणि आमच्यातल्या टेक्निशियन पोरानं बरोबर पकडलं, हाताच्या मागच्या बाजूला साधी सलाईनची सुई, डायलिसिससाठी दंडात जोडून घेतलेली नस, म्हणजे फिस्टुला, नाही, गळ्याशी कॅथेटरची नळी नाही, आणि खाली लिहिलेलं "आज अर्ध्या तासात झालं बाई". अहो चार चार तास बसावं लागतं, तेही आठवड्यातून तीनदा! विचारलं तर नंबरच बंद करून गेली, मुलगा असा कोणी नव्हताच. पत्रकात मी 'ढोंगी' लिहिलं, तर आमच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या हा शब्द काढा, असं करणारे बरेचदा स्वतःच मनानं आजारी असतात, आणि तिनं कोणाचा एक रुपया घेतला नाही. मग लिहू काय?

इतवारीकर
तोतया. तयार शब्द आहे न ताई. पानिपतात १७६१ ला सदाशिवरावभाऊ गेले, पार्वतीबाई काही ते मानायला तयार नव्हत्या, आणि त्या आशेवरच भाऊंचा तोतया उभा राहिला. १७७६ ला त्याला देहदंड झाला तेव्हा कुठं प्रकरण मिटलं. लोकांच्या मायेवर जगणारा माणूस, तुमची केस तीच.

अजनीवाला
इतवारीकर भाऊ, तोतयाला आधी खरा माणूस लागतो ज्याचं नाव तो घेईल. इथं तर पोट्टंच अस्तित्वात नाही. मी 'बतावणी' म्हणीन. पेपरात रोज वाचतो आपण, "पोलीस असल्याची बतावणी करून वृद्धेचे दागिने लंपास".

शुद्धमती
बतावणी हिंदी 'बताना'वरून आलेली. कृतक म्हणजे बनावट, त्यावरून 'कृतकरुग्ण' असा नेमका, स्वच्छ शब्द होतो. पत्रक म्हणजे लेखी दस्तऐवज, त्यात बाजारू भाषा कशाला?

अजनीवाला
तमाशात गण-गवळणीनंतर बतावणी असते, पिढ्यान्‌पिढ्या आहे, तिला हिंदी म्हणून हाकलता? आणि कृतकरुग्ण कोण समजून घेईन? मेडिकलच्या ओपीडीबाहेर सतरंजी टाकून बसलेल्या माणसासाठी पत्रक काढून राहिल्या ना ताई!

मेयोचा_जुना_रेसिडेंट
मॅडमचं म्हणणं नीट समजून घ्या, वैद्यकात यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रजा, पैसे, पोलीस केसमधून सुटका, असल्या फायद्यासाठी आजाराचं नाटक करणं एक. आणि बाहेरचा काहीच फायदा नसताना, फक्त आजारी माणसाची किंवा त्याच्या घरच्यांची जागा मिळावी, लोकांनी जवळ घ्यावं म्हणून करणं हे दुसरं, याला मानसिक विकार धरतात. १९५१ मध्ये रिचर्ड अ‍ॅशर या ब्रिटिश डॉक्टरांनी लॅन्सेटमध्ये याला थापांच्या गोष्टींतल्या बढाईखोर बॅरन मंचाउझेनचं नाव दिलं, आणि २००० मध्ये मार्क फेल्डमन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी इंटरनेटवरच्या प्रकाराला तेच नाव पुढे चालवलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत केसी निकोल नावाच्या ल्युकेमिया झालेल्या मुलीचं प्रकरण झालं. हजारो लोक तिचं लिखाण वाचायचे, मे २००१ मध्ये ती गेल्याची बातमी आली, लोक हळहळले, फुलं पाठवायला पत्ता मागू लागले, तर पत्ता नाही, अंत्यविधीची खबर नाही. मुलगीच नव्हती, एक मध्यमवयीन बाई सगळं लिहीत होती. फायद्यासाठी करणारेही आहेतच, ऑस्ट्रेलियात बेल गिब्सननं कॅन्सर झाल्याचं सांगून अ‍ॅप आणि पुस्तक विकलं, २०१७ मध्ये कोर्टानं ४ लाख १० हजार डॉलरचा दंड केला. आता या दोघींना एकच शब्द लावाल का?

महालातली_सून
माझ्या मते सोंग. आपल्याकडे म्हणतातच ना, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही.

इतवारीकर
नाही पटत. लहानपणी आमच्या गल्लीत बहुरूपी यायचा, रायरंद म्हणायचे काही लोक, इन्स्पेक्टर बनून दारात उभा राहायचा, आम्ही पोट्टे घाबरून आत पळायचो आणि आजी हसत सुपातून ज्वारी आणायची. तो बहुरूपी आहे हे आजीला पक्कं माहीत, आजीला माहीत आहे हे त्यालाही माहीत. आपल्या विदर्भातल्या खडीगंमतीच्या लोकनाट्यातलं सोंगही तसंच. सोंगात समोरच्याची संमती असते. त्या बाईनं ताईंच्या ग्रुपची संमती कुठं घेतली? इतका मानाचा शब्द असल्या कामाला वापरू नका.

महालातली_सून
आणि झोपेचं सोंग? त्यात कोणाची संमती असते काका?

वाडीचा_पोरगा
मराठी सायटींवर आम्ही सरळ डुआयडी म्हणतो, विषय संपला.

शुद्धमती
विषय संपत नाही. डुआयडी म्हणजे एकाच माणसाचं दुसरं खातं. त्यात दुखणं कुठं आलं? शब्द घडवायचेच नाहीत असं ठरवलं तर भाषा उसनवारीवरच जगेल.

धंतोलीची_ताई
एक सांगू का, माझं दुखणं वेगळं आहे. ती गेल्यापासून ग्रुपवर कोणी नवीन आलं की लोक आधी रिपोर्ट मागतात. मागच्या महिन्यात यवतमाळकडचा एक बाप आला, बायकोचं क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते) वाढलंय म्हणाला, तर तिघांनी त्याला फाइलचा फोटो टाकायला लावला. त्यानं टाकला, सगळं खरं होतं, आणि त्यानंतर तो ग्रुपवर एक अक्षर बोलला नाही. मी फोन केला तर म्हणे, "ताई, तुमच्याइथं आधी साक्षीदार आणावा लागते." म्हणून पत्रकात असा शब्द नको की ज्यानं खऱ्या माणसाच्या पोटात गोळा येईल.

मेयोचा_जुना_रेसिडेंट
मग नाम टाळा ताई, सरळ वाक्य लिहा. "खोटी ओळख किंवा खोटं आजारपण सांगू नये." माणसावर शिक्का नको.

अजनीवाला
मी तर म्हणतो 'कांगावा'. चोर तो चोर वर कांगावा.

मेयोचा_जुना_रेसिडेंट
कांगाव्यात दुसऱ्यावर आळ असतो, इथं कोणावर आळ घेतला?

वाडीचा_पोरगा
वेड पांघरून पेडगावला जाणारे, असं लिहा.

इतवारीकर
ते स्वतःचा कार्यभाग साधायला. आणि पेडगाव म्हणजे श्रीगोंद्याचं, भीमेकाठचं, बहादूरगडवालं.

महालातली_सून
परभणीजवळ पण पेडगाव आहे, रेल्वे स्टेशन आहे तिथं. माझं माहेर तिकडचं, आमच्याकडे सगळे म्हणतात म्हण आमच्याच पेडगावची.

इतवारीकर
पुरावा?

महालातली_सून
तुमचा तरी कुठं दिला तुम्ही?

शुद्धमती
यासाठी स्वतंत्र धागा काढावा. मुळात 'पांघरणे' हे प्रावरणावरून, तिथून सुरुवात करू.