जुन्या पीसीवर विंडोज ११ कोंबू नका, दहावरच खेळा

अनगोळकर

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून बेळगावात जो तो फॉरमॅट मारून अकरा टाकून घ्यायला लागलाय. प्रोसेसर चौथ्या पिढीचा (फोर्थ जेन) आहे की सहाव्या (सिक्स्थ जेन), कुणी बघत नाही. पेन ड्राइव्ह लावायचा, टीपीएम या सुरक्षेच्या चिपची तपासणी वगळायची आणि अकरा मारून द्यायचं. ज्यांचा पीसी मुख्यतः खेळासाठी आहे त्यांचं यात नुकसान आहे, असं माझं ठाम मत आहे. विरोध जरूर करा, फक्त मुद्द्यावर करा.

आपल्याकडे कोरा गेमिंग पीसी घेणारे थोडेच. बहुतेकांकडे कुठल्यातरी ऑफिसनं काढून टाकलेला डेस्कटॉप, त्यात नंतर बसवलेलं एन्व्हिडियाचं १०५० टीआय नाहीतर १६५० ग्राफिक्स कार्ड आणि आठ जीबी रॅम. अकराला अधिकृतपणे लागतो इंटेलचा एट्थ जेन किंवा रायझन २००० च्या पुढचा प्रोसेसर, टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट, म्हणजे पीसी सुरू होतानाच सॉफ्टवेअर खात्रीचं आहे का तपासणारी सोय. ही अट चुकवून अकरा बसतं, चालतंही. पण त्या मशीनला अकराचा फायदा काय होतो?

लोक सुरक्षेचं कारण देतात. अकराच्या सुरक्षेतला मोठा भाग म्हणजे मेमरी इंटिग्रिटी, विंडोजच्या गाभ्यात घातक कोड घुसू न देणारी सोय. सेव्हन्थ जेनच्या आधीच्या इंटेल प्रोसेसरमध्ये तिला लागणारी हार्डवेअरची मदतच नाही. ते काम सॉफ्टवेअरनं करावं लागतं आणि फ्रेम पडतात, म्हणजे खेळ अडखळतो. म्हणून मग ती बंदच ठेवतात. ज्यासाठी अकरा घेतलं तेच बंद, मग मिळवलं काय?

दुसरं, व्हॅलोरंट. हा ऑनलाइन नेमबाजीचा खेळ अकरावर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट दोन्ही मागतो. दहावर तसा सरसकट आग्रह नाही. म्हणजे जो पीसी दहावर व्हॅलोरंट चालवत होता तोच अट चुकवून अकरावर नेला की खेळ उघडायला नकार देतो. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या पोरांची ही सगळ्यात जास्त तक्रार आहे. दुकानदारानं पैसे घेऊन अकरा मारून दिलं, खेळाचं काय होणार ते सांगितलं नाही.

तिसरं, अशा मशीनला अकराची दरवर्षीची मोठी आवृत्ती आपोआप येत नाही. पुन्हा पेन ड्राइव्ह, पुन्हा तीच खटपट.

आणि दहा काही मेलेलं नाही. घरगुती पीसीला वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन करून सेटिंग सिंक केल्या की फुकट, नाहीतर एकदाच ३० डॉलर. खेळाचं ग्राफिक्स चालवणारं डायरेक्टएक्स १२ अल्टिमेट दहावर आहे, खेळ पटकन लोड करणारं डायरेक्टस्टोरेज दहावर चालतं. खेळणाऱ्याचं नेमकं काय अडलंय?

निपाणीकर

अनगोळकर, मेमरी इंटिग्रिटीचा मुद्दा बरोबर आहे, पण तुम्ही पोरांना आज बरं वाटेल तेवढंच सांगताय. १३ ऑक्टोबर २०२६ नंतर काय? तेव्हा हाच धागा परत काढणार का?

यापूर्वी काय झालं ते बघा. पीसीचे खेळ विकणाऱ्या स्टीमनं विंडोज एक्सपी आणि व्हिस्टा १ जानेवारी २०१९ ला सोडलं, सेव्हन आणि एट १ जानेवारी २०२४ ला. कारणही सरळ होतं. स्टीमच्या आत क्रोमचं इंजिन आहे, ते जुन्या विंडोजवर चालेनासं झालं की स्टीमही थांबतं. दहाचंही तेच होणार. त्यात एन्व्हिडियानं जाहीर केलंय की ९०० आणि १० मालिकेच्या कार्डांना ऑक्टोबर २०२५ नंतर नव्या खेळांसाठीचे ड्रायव्हर नाहीत, ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेची दुरुस्ती. तुमचं १०५० टीआय त्यातच येतं. विंडोज थांबलेलं, कार्डही थांबलेलं, आणि तुम्ही म्हणता काय अडलंय.

माझं म्हणणं, पैसे साठवा आणि अकरा चालेल असं मशीन घ्या. ट्वेल्थ जेनपासून पुढच्या इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरमध्ये मोठे आणि छोटे असे दोन प्रकारचे कोअर असतात. खेळ कुठल्या कोअरवर जावा याचं वाटप अकरा नीट करतं, कारण अशा प्रोसेसरची सोय त्यात केलेली आहे. तिथं दहा मारणं म्हणजे पैसे वाया.

अनगोळकर

ट्वेल्थ जेनवर दहा मारा असं मी कुठं म्हटलंय? शीर्षकातच जुना पीसी आहे.

आणि तुमच्याच तारखा घ्या. एक्सपीचा आधार एप्रिल २०१४ ला संपला, स्टीमनं सोडलं २०१९ ला. सेव्हनचा संपला जानेवारी २०२० ला, स्टीमनं सोडलं २०२४ ला. दोन्ही वेळा जवळपास चार वर्षं किंवा जास्तच मिळाली. ज्याच्याकडे आज पैसे नाहीत त्याला ही वर्षं फार मोलाची आहेत. कॉलेज संपतं तेवढ्यात, पहिला पगार येतो.

खानापूरचा

तुम्ही सगळे प्रोसेसरवर बोलूलालाय, आमच्याकडचं कोण बोलणार? पावसाळ्यात आमच्या गावात लाईट कधी जाईल सांगता येत न्हाई. अपडेट अर्ध्यावर असताना गेली की पीसी तिथंच अडकतंय. इंटरनेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवर. रोजच्या दीड-दोन जीबीत मी खेळू की विंडोजचं अपडेट उतरवू? एक मोठं अपडेट आलं की दोन दिवसाचं नेट खलास.

मी दहावर काउंटर-स्ट्राइक वन पॉइंट सिक्स आणि नीड फॉर स्पीड मोस्ट वॉन्टेड हे जुने खेळ खेळूलालोय. मस्त चालूलालंय. कशाला हात लावायचा गा त्याला?

चंदगडची

खानापूरचे दादा, हॉटस्पॉटचं नेटवर्क सेटिंगमध्ये मीटर्ड करून टाका, मोठी अपडेट आपोआप उतरणं थांबतं. दहावरही करता येतं, अकरावरही. महिन्यातून एकदा बेळगावला आलात की चांगल्या नेटवर उतरवून घ्या. पण पूर्ण बंद करू नका, कळकळीनं सांगते.

आता अनगोळकरांशी माझा वाद. मी हॉस्टेलवर राहते, आमचा पाच जणींचा व्हॅलोरंटचा संघ आहे, म्हणजे तुमच्या दुकानात येणाऱ्या तक्रारी मला पाठ आहेत. त्यावर तुमचा उपाय दहावर राहण्याचा. पण नवे खेळ सिक्युअर बूट दहावरसुद्धा मागायला लागलेत. बॅटलफील्ड सिक्सला ते लागतंच, विंडोज कुठलंही असो. चीटर खेळाच्या आधी, बूट होतानाच काहीतरी घुसवतात, म्हणून तिथूनच तपासणी सुरू करायची, हा त्यामागचा विचार. मला तो पटतो. रँक्ड खेळात समोरचा भिंतीपलीकडून बघत असेल तर आमच्या सरावाला अर्थ काय राहतो?

तेव्हा दहा की अकरा याच्या आधी एक काम करा. सिक्स्थ-सेव्हन्थ जेनच्या कितीतरी बोर्डांमध्ये सिक्युअर बूट असतं, फक्त वापरात नसतं. कारण विंडोज जुन्या पद्धतीनं, एमबीआर डिस्कवर मारलेलं असतं. दहामध्ये एमबीआर-टू-जीपीटी नावाचं टूल आधीपासूनच आहे, डेटा न पुसता डिस्क नव्या जीपीटी पद्धतीत बदलता येते. तरी आधी बॅकअप घ्या. मग बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये जाऊन लेगसी ही जुनी बूट पद्धत बंद, यूईएफआय ही नवी चालू, सिक्युअर बूट चालू. एक काळजी घ्या. कार्ड फार जुनं असेल आणि त्याच्या फर्मवेअरमध्ये यूईएफआय नसेल तर लेगसी बंद केल्यावर स्क्रीन काळीच राहते. कार्ड त्यातलं आहे का ते आधी जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये बघून घ्या.

हे जमलं तर दहावर राहूनही असले काही नवे ऑनलाइन खेळ खेळता येतील. नाही जमलं, तर तो पीसी सिक्युअर बूट मागणाऱ्या नव्या ऑनलाइन खेळांसाठी संपला, दहा ठेवा नाहीतर अकरा. हे पोरांना स्पष्ट सांगायला हवं, आणि तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये ते नाही.

उद्यमबाग

मला दोन्ही पक्ष पटत नाहीत. तुम्ही फक्त ऑनलाइन खेळांचा विचार करताय. माझ्याकडे २००० ते २००६ मधल्या खेळांच्या सीडी आहेत, पैसे साठवून घेतलेल्या. त्यातल्या कित्येकांवर कॉपी रोखणारं सेफडिस्क नावाचं कुलूप आहे. त्याला लागणारा ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० मध्ये ठेवलाच नाही, आणि सप्टेंबर २०१५ च्या अपडेटनं व्हिस्टा, सेव्हन, एटवरही बंद केला. कारण खरं होतं, त्या ड्रायव्हरमध्ये सुरक्षेचं भोक होतं. पण मी विकत घेतलेली सीडी माझ्याच पीसीवर चालत नाही. काही खेळ चांगले असून त्यांचा इन्स्टॉलर १६ बिटचा आहे, तो ६४ बिटच्या कुठल्याच विंडोजवर उघडत नाही. आवाजाचंही तसंच. एक्सपीवर साउंड कार्ड थेट थ्रीडी आवाज द्यायचं, व्हिस्टापासून तो रस्ताच काढून टाकला.

म्हणून माझ्याकडे वेगळा एक्सपीचा डबा आहे. नेटची केबल त्याला कधीच लागत नाही, खेळ सीडीवरून. आमच्या वर्कशॉपमध्येही एका जुन्या मशीनचा पीसी एक्सपीवरच आहे, कारण त्याचं सॉफ्टवेअर पुढं कुणी केलंच नाही. जुनं म्हणजे टाकाऊ असं मानलं तर उद्यमबागेतले निम्मे कारखाने बंद पडतील.

निपाणीकर

उद्यमबाग, सीडी असूनही खेळ चालत नाही ही तक्रार मला मान्य आहे, पण त्यासाठी एक्सपीच लागतं हे नाही. स्टीम आणि जीओजी या खेळांच्या ऑनलाइन दुकानांवर कुलूप काढलेले जुने खेळ मिळतात. जुन्या डायरेक्टएक्सचे खेळ नव्या विंडोजवर चालवणारं डीजीव्हूडू आहे, अकरावर झकास चालतं.

उद्यमबाग

सगळे नाही मिळत. गाड्यांच्या कंपन्यांचा आणि गाण्यांचा परवाना संपला की रेसिंगचे खेळ विक्रीतूनच काढतात. मोस्ट वॉन्टेडचा २००५ चा मूळ खेळ आज स्टीमवर विकत मिळत नाही. ज्याच्याकडे सीडी आहे त्याच्याकडेच तो आहे.

आणि नवीन विंडोजवर काय घडतं त्याचं एक उदाहरण. जीटीए सॅन अँड्रियास या जुन्या खेळात पाण्यावर उतरणारं स्किमर विमान आहे. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आली आणि ते विमान गायब झालं. जुन्या खेळांचे पॅच करणाऱ्या एका प्रोग्रामरनं मागोवा घेतला तेव्हा चूक खेळाचीच निघाली. त्या विमानाच्या माहितीत चाकांचा आकार लिहायचा राहून गेलेला. इतकी वर्षं खेळ मेमरीत उरलेली मागच्या गाडीच्या चाकांचा आकडा उचलत होता आणि योगायोगानं भागत होतं. २४एच२ मध्ये विंडोजचं आतलं एक काम मेमरीतली तीच जागा वापरू लागलं आणि खेळाच्या हाती कचरा आला. विंडोजचा दोष नाही, हे मी कबूल करतो. पण ज्याला विमान हवंय त्याला दोष कुणाचा याच्याशी काय करायचंय? त्याच्या जुन्या विंडोजवर ते उडत होतं.

सदाशिवनगर

खेळाच्या गप्पा चालू आहेत, पण तो पीसी घरात काय काय करतो याचा विचार करा. आमच्याकडे एकच पीसी. त्यावर भाऊ खेळतो, मी कर्नाटक सरकारच्या भूमी या जमिनीच्या नोंदींच्या साइटवरून शेताचा उतारा काढतो, वडील बँकेचं बघतात. एक्सपीचा डबा नेटशिवाय ठेवणं वेगळं. ऑक्टोबर २०२६ नंतरही विंडोज दहा वापरत राहा आणि त्यावरच बँकेचा पासवर्ड टाका, असं मी कुणाला सांगणार नाही.

अनगोळकर, तुमच्या सल्ल्यात "खेळासाठी" एवढंच आहे. आपल्याकडे फक्त खेळासाठी ठेवलेला पीसी किती घरांत आहे?

चिकोडीकर

मग लिनक्स टाका ना. स्टीमच्या व्हॉल्व्ह कंपनीनं २०१८ मध्ये विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणारं प्रोटॉन आणलं, त्यावर स्टीमचे बहुतेक एकट्यानं खेळायचे खेळ चालतात. स्टीम डेक हा हातात धरून खेळायचा पीसी त्यावरच उभा आहे. जुन्या पीसीला हलकं, अपडेट फुकट, कुणाच्या यादीत बसायची गरज नाही. मी लिनक्सचं मिंट वापरतो. दोन डिस्क असतील तर एकीवर दहा, दुसरीवर मिंट. बँक, उतारा सगळं मिंटवर.

चंदगडची

व्हॅलोरंट, फोर्टनाइट त्यावर चालत नाहीत, एपेक्सनंही २०२४ मध्ये लिनक्स बंद केलं. आमच्या संघाला उपयोग नाही. पण सदाशिवनगरकरांसाठी मात्र दोन डिस्कची युक्ती खरंच चांगली आहे.

अनगोळकर

चंदगडची ताई, सिक्युअर बूटचा मुद्दा पहिल्या पोस्टमध्ये हवाच होता. आजपासून दुकानात पीसी आला की फॉरमॅटच्या आधी बायोस उघडून पोराला दाखवीन.

सदाशिवनगर, तुमच्यासारख्या घरासाठी चिकोडीकरांचा मार्ग धरा. पीसीला दुसरी छोटी एसएसडी बसवा. खरं तर अकरावर खर्च करणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो, हार्ड डिस्कवर विंडोज असेल तर आधी एसएसडी घाला. खेळ लोड व्हायला लागणारा वेळ त्यानं जेवढा कमी होतो तेवढा विंडोज बदलून कधीच होत नाही.

निपाणीकर, तुमच्याशी मात्र माझं अजून जमलेलं नाही. "पैसे साठवा" हे बरोबर, पण साठेपर्यंत पोरानं काय करायचं, हा माझा प्रश्न आहे. अट चुकवून मारलेलं अकरा हे त्याचं उत्तर नाही.

निपाणीकर

अट चुकवून मारू नका, एवढं मान्य. बाकी नाही. दहावर चार वर्षं निघतील असं म्हटलं की पोरं साठवायचं सोडून देतात. आमच्या गल्लीत सेव्हन घेऊन बसलेले दोघं आहेत, २०२४ च्या जानेवारीनंतर स्टीमला काहीही झालं तरी मदत मिळत नाही, आणि आता एकदम सगळंच घ्यायचं म्हटल्यावर पैसे नाहीत. एट्थ जेनचे ऑफिसचे पीसीसुद्धा आता जुन्या बाजारात उतरायला लागलेत. कार्ड आहे तेच ठेवायचं, डबा तेवढा बदलायचा. मी कोल्हापूरला जातोय रविवारी, भाव बघून इथं टाकतो.

खानापूरचा

भाव टाकाच गा. माझं कार्ड १६५० हाय, त्याला बाहेरून पॉवर लागत न्हाई. ऑफिसच्या छोट्या डब्यात बसतंय काय तेबी बघून या.