विंडोज सर्व्हर २०२२ टाकताना डिस्कच दिसत नाही (दोन एनव्हीएमई, रेड-१)

नवा_ॲडमिन:
मंडळी, बारा जणांच्या ऑफिससाठी फाइल सर्व्हर उभा करतोय. बाराव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आहे, बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) व्हीएमडी, म्हणजे एनव्हीएमई डिस्क सांभाळणारी इंटेलची सोय, चालू करून दोन एनव्हीएमईंचा (वेगवान एसएसडी डिस्कचा) रेड-१ व्हॉल्यूम बनवलाय, म्हणजे दोन्ही डिस्कवर तोच डेटा. तिथे तो 'नॉर्मल' दिसतो. पण सेटअपमध्ये डिस्क निवडायच्या पानावर यादी रिकामी! लोड ड्रायव्हर दाबून पेन ड्राइव्ह दाखवला तर म्हणतो, 'नो साइन्ड डिव्हाइस ड्रायव्हर्स वेअर फाउंड'. ड्रायव्हर इंटेलचाच आहे. सोमवारी माणसं कामाला बसणार आहेत, लवकर सांगा.

जुनी_पेटी:
पेन ड्राइव्हवर नेमकं काय टाकलंय? सेटअपआरएसटी नावाची एक्सई (इंटेलच्या ड्रायव्हरचं इन्स्टॉलर) तशीच कॉपी केली असेल तर सेटअपला तिचा काही उपयोग नाही. त्याला उघडी आयएनएफ (ड्रायव्हर कोणत्या डिव्हाइसचा ते सांगणारी), सिस (खुद्द ड्रायव्हर) आणि कॅट (सहीची) फाइल लागते. दुसऱ्या मशीनवर त्या एक्सईला '-एक्स्ट्रॅक्टड्रायव्हर्स' आणि पुढे फोल्डरचा पत्ता देऊन चालवा, आतलं सगळं बाहेर पडेल. त्यात व्हीएमडीचं फोल्डर वेगळं असतं. तेच घ्या.

नवा_ॲडमिन:
ते केलंय, सर. आयएएस्टोरव्हीडी डॉट आयएनएफ समोर आहे, तरी तोच मेसेज.

जुनी_पेटी:
मग ती आयएनएफ नोटपॅडमध्ये उघडा. ड्रायव्हरच्या पानावरचं नाव, आवृत्ती, तारीख यांच्यावर मी कधीच विसंबत नाही. डिव्हाइसचा नंबर फाइलमध्ये असेल तरच तो ड्रायव्हर तुमचा. कोणतीही लिनक्स लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणारी) पेन ड्राइव्हवरून सुरू करा आणि 'एलएसपीसीआय -एनएन' द्या. रेड कंट्रोलरच्या ओळीत एकाच चौकटी कंसात कोलनने जोडलेले दोन आकडे दिसतील. पहिला ८०८६, म्हणजे इंटेल. दुसरा आयएनएफमध्ये शोधा.

'हार्डवेअरशी न जुळणारे ड्रायव्हर लपवा' या खुणेला हात लावू नका. ती काढली की यादी भरलेली दिसते आणि माणूस उगाच खूश होतो. न जुळणारा ड्रायव्हर लोड करून डिस्क काही उगवत नाही.

फ्लॉपी_आठवते:
२००३ च्या सर्व्हरला एफ६ दाबून ड्रायव्हरची फ्लॉपी द्यावी लागायची, आणि ती नेमकी वाचली जायची नाही. तुम्ही सुखी आहात.

नवा_ॲडमिन:
सापडलं! मशीनमधल्या कंट्रोलरचा नंबर ४६७एफ. माझ्या आयएनएफमध्ये ९ए०बी आहे, ४६७एफ कुठेच नाही.

जुनी_पेटी:
९ए०बी अकराव्या पिढीचा. पॅकेज जुनं आहे, नंतरच्या मालिकेतलं उतरवा. आणि उतरवल्यावर आधी नोटपॅड, मग पेन ड्राइव्ह.

मधला_मार्ग:
रेडची खरंच गरज आहे का? नसेल तर व्हीएमडी बंद करा. विंडोजचा स्वतःचा एनव्हीएमई ड्रायव्हर डिस्क लगेच ओळखेल, ही सगळी यातायात वाचेल. डेटा मिरर करायला विंडोजचीच स्टोरेज स्पेसेस ही सोय आहे.

जुनी_पेटी:
स्टोरेज स्पेसेसवरून विंडोज बूट होत नाही, आणि यांच्याकडे डिस्क दोनच. सिस्टिमही सांभाळायची असेल तर यांचा रेड-१ ठीक आहे. वेगळ्या दोन डेटा डिस्क असत्या तर मीही तुमच्याच बाजूने बोललो असतो. पण जे ठरवायचं ते आत्ताच ठरवा. विंडोज टाकल्यावर व्हीएमडी चालू-बंद केलं की 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस'ची निळी स्क्रीन येते.

नवा_ॲडमिन:
नव्या आयएनएफमध्ये ४६७एफ होता. लोड केल्याबरोबर व्हॉल्यूम दिसला, फाइल कॉपी सुरू आहे. आभार! आता अजून काही राहिलं का?

जुनी_पेटी:
दोन गोष्टी. तोच ड्रायव्हर आणि विंडोजची आयएसओ (इन्स्टॉलेशन डिस्कची फाइल) एका पेन ड्राइव्हवर ठेवून त्यावर सर्व्हरचं नाव चिकटवा. त्या पेन ड्राइव्हवरून रिकव्हरीत शिरायची वेळ आली तर तिथेही डिस्क दिसणार नाही, पुन्हा हाच ड्रायव्हर द्यावा लागेल. आणि बायोसच्या व्हीएमडी पानाचा मोबाइलवर फोटो काढा. मदरबोर्डवरचा सेल संपून किंवा अपडेटनंतर बायोस डिफॉल्टवर गेलं तर व्हीएमडी बंद होऊ शकतं, आणि तेव्हा लोक धडधाकट डिस्क बदलायला निघतात.

रेड-१ ला बॅकअप समजू नका. चुकून उडवलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकदमच उडते.