घरी चांगली कॉफी करायचीय, मशीन घ्यावं का?

मुलुंड_पूर्व

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. घरात आम्ही तिघं, मी, नवरा आणि सासूबाई. आत्तापर्यंत इन्स्टंटच चालायची, दूध उकळायचं, चमचाभर पावडर, साखर, झालं. पण माझं ऑफिस लोअर परळला आहे आणि तिथे मिलच्या आवारात एक कॅफे आहे, त्यांची कॉफी प्यायला लागल्यापासून घरची घशाखालीच उतरत नाही आणि रोज अडीचशे रुपये कॉफीवर घालवणं काही मला पटत नाही. नवरा म्हणतो एस्प्रेसो मशीनच घेऊया, ऑनलाइन सहा-सात हजारात दिसतायत, पंधरा बार, वीस बार असं काय काय लिहिलेलं असतं. नणंद म्हणते मोका पॉट घे, ते गॅसवर ठेवायचं कॉफीचं भांडं. सासूबाईंना दुधाचीच लागते, जायफळ घालून, आणि मला आता काळी आवडायला लागलीय, साखरेशिवाय. म्हणजे एका घरात दोन तऱ्हा.

ओटा छोटा आहे, गॅस, मिक्सर आणि पाण्याचा फिल्टर ठेवला की वीतभर जागा उरते. सकाळी लोकल पकडायची असते त्यामुळे हातात दहा मिनिटं, फार तर पंधरा. बजेट पाच हजार, ताणलं तर सात. नक्की काय घ्यावं? आणि पावडर कुठली, कुठून? सगळं इतकं वाचलंय की डोकं भणभणायला लागलंय.

माटुंगा_रोड

ताई, मशीनचा विचार तूर्त बाजूला ठेवा. सासूबाईंची दुधाची कॉफी आहे ना, तिच्यासाठी स्टीलचा साउथ इंडियन फिल्टर आणा, म्हणजे एकावर एक बसणारी दोन भांडी, वरच्याच्या तळाला बारीक भोकं, भांडीवाल्याकडे पाचशेच्या आसपास मिळेल, पितळेचा महाग पडतो. वीज नको, कागद नको, बिघडायला आत काहीच नाही, आणि जागा एका तांब्याएवढी.

पावडर मात्र माटुंग्याहून आणा. माटुंगा पूर्वेला म्हैसूर कन्सर्न्स आहे, नाहीतर फिलिप्स कॉफीचं दुकान तुमच्या सोयीचं असेल तिथे बघा. समोर दळून देतात, नुसत्या वासावर कळतं दुकान जवळ आलं ते. पाव किलोच्या वर घेऊ नका, संपली की परत जा, सेंट्रलवाल्यांना माटुंगा वाटेवरच आहे. दुकानात दोन गोष्टी सांगायच्या, फिल्टरसाठी दळा, आणि चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळायची भाजलेल्या मुळाची पूड, किती हवी. पहिल्यांदा ८०-२० घ्या, म्हणजे ८० टक्के कॉफी नि २० टक्के चिकोरी. दाट कडक आवडत असेल तर ७०-३०.

आता करायची कशी. तिघांसाठी साधारण २५ ग्रॅम पावडर वरच्या भांड्यात घालायची, भांडं हलकं आपटून सपाट करायची, वर ती दांड्याची चकती अलगद ठेवायची, दाबायची नाही. पाणी उकळलं की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबायचं, मग एक वाटी पाणी गोल फिरवत ओतायचं, आधी थोडं, पावडर फुगली की उरलेलं. झाकण लावून विसरून जा. पंधरा-वीस मिनिटांत खाली डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, उतरतं. सकाळी घाई असेल तर रात्री झोपताना लावून ठेवा, सकाळी तयार, आमच्याकडे वर्षानुवर्षं असंच चालतं. आणि डिकॉक्शन कधी उकळायचं नाही, दूध कडकडीत गरम करायचं आणि त्यात डिकॉक्शन ओतायचं, हे एवढं पाळलंत तरी निम्मी लढाई जिंकलात. दूध फुल क्रीम असेल तर बघायलाच नको, ६ टक्के फॅटचं दूध कॉफीला जो गुळगुळीतपणा देतं तो ३ टक्केवाल्या टोन्डला येत नाही.

पाणी खाली उतरतच नसेल तर पावडर फार बारीक दळलीय किंवा भोकं बुजलीत. वरचं भांडं रिकामं करून गॅसवर क्षणभर धरा सांडशीने, अडकलेला चुरा जळून जातो, मग ब्रशने घासा.

कडक_काळी

फिल्टरबद्दल वरचं सगळं बरोबर, पण त्यांना काळी पण प्यायचीय, आणि चिकोरीची काळी कॉफी माझ्या मते नकोच. चिकोरी हे मूळ आहे, भाजून दळलेलं, त्यात कॅफीन नाही, ती रंग आणि दाटपणा देते आणि दुधात छान लागते, काळ्यात मात्र कॉफीची मूळ चव झाकून टाकते. पाकीट घेताना वाचा, मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी असा आपल्याकडे नियम आहे आणि टक्केवारी पाकिटावर छापावी लागते. बरीच स्वस्त पाकिटं त्या ५१-५५ च्या आसपासच असतात. इन्स्टंटमध्येही चिकोरीवाल्या आहेत, तुमच्या घरातली बाटली फिरवून बघा एकदा.

आता मशीन. हे बारचं, म्हणजे दाबाच्या मापाचं, प्रकरण नीट सांगतो कारण यात लोकांचे पैसे जातात. एस्प्रेसो म्हणजे बारीक दळलेल्या कॉफीतून साधारण ९ बार दाबाने गरम पाणी ढकलणं, १८ ग्रॅम कॉफीतून २५-३० सेकंदांत ३६ ग्रॅमच्या आसपास कॉफी बाहेर येते. खोक्यावर जे पंधरा-वीस बार लिहितात तो पंपाचा जास्तीत जास्त दाब, कपातल्या चवीशी त्याचा संबंध नाही, वीस बार म्हणजे दुप्पट चांगली असं काही नसतं. सात हजारांच्या मशीनमध्ये बहुतेक वेळा जाळी अशी असते की कशीही पावडर टाका, खाली एकच बारीक भोक असतं, त्यातून फेस बनतो. दिसायला क्रेमा, म्हणजे एस्प्रेसोवरचा सोनेरी फेस, चवीला पाणचट. आणि कॅफेत मशीनच्या शेजारी जो दळायचा ग्राइंडर उभा असतो ना त्याची किंमत बघा, तिथल्या चवीचं निम्मं श्रेय त्याचं. तुम्ही मशीनवर सात हजार घालून महिन्याभरापूर्वी दळलेली पावडर टाकलीत तर ते सात हजार पाण्यात. हे मी अगदी कळकळीने सांगतोय, पैसे आधी बियांवर आणि दळण्यावर खर्च करा, भांडं शेवटी.

दळणं का महत्त्वाचं? कॉफीचा वास हवेत उडून जाणारा असतो, बी अख्खी असेपर्यंत तो आत राहतो, दळली की काही दिवसांत बसका होतो. मिक्सरमध्ये दळू नका, पातं बी तोडतं, काही पीठ होतं काही रवाळ राहतं, मग पिठातून कडू उतरतं आणि रव्यातून आंबट, एकाच कपात दोन्ही. हाताचा बर ग्राइंडर घ्या, आत जात्यासारखी दोन दातेरी चाकं असतात, अंतर कमीजास्त करता येतं आणि सगळा दाणा एकसारखा पडतो. दोन-अडीच हजारांत कामचलाऊ मिळतो. एका मगाचं दळण मिनिटभरात होतं, हात दुखत नाही.

तुमच्या काळ्या कॉफीसाठी फ्रेंच प्रेस, म्हणजे दांड्याला जाळी लावलेलं उभं भांडं, हजार-बाराशे. १५-१६ ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी, २५० मिली पाणी, उकळी बसल्यावरचं, चार मिनिटं, वरचा थर चमच्याने ढवळून फेस काढून टाका, मग दांडा हळू खाली. लगेच कपात ओता, प्रेसमध्ये ठेवलीत तर कडवट होत जाते. कागदाचा फिल्टर नसल्यामुळे तेल कपात येतं, भरलेली चव लागते. स्वच्छ, हलकी, चहासारखी पारदर्शक आवडत असेल तर व्ही सिक्स्टी किंवा कुठलाही कागदी फिल्टरवाला ड्रिपर, पण त्यात पाणी ओतण्याचा सराव लागतो, सकाळच्या घाईत नको.

बिया घेताना रोस्टची तारीख बघा. नुसती एक्स्पायरी लिहिली असेल तर ठेवून द्या. भाजल्यापासून आठवडाभराने चव बसते आणि पुढचा महिना-दीड महिना उत्तम. कॉफीच्या दोन मुख्य जाती, अरेबिका आणि रोबस्टा. चिकमगळूर किंवा कूर्गचा मीडियम रोस्ट अरेबिका घ्या पहिल्यांदा. रोबस्टात कॅफीन जवळजवळ दुप्पट असतं आणि कडूपणा जास्त, दुधाला चालतो. आंबटपणा अजिबात सोसत नसेल तर मॉन्सून्ड मलबार मागा, आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यात गोदामात पसरून ठेवतात, बी फुगते, फिकट पडते आणि आंबटपणा उतरतो.

ठाणे_खाडी

मोका पॉटच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवं म्हणून लिहितेय. नणंदबाई चूक नाहीत. अल्फोन्सो बियालेत्तीच्या नावाने १९३३ साली इटलीत हे भांडं आलं आणि तिथे घरोघरी गॅसवर चढतं. एस्प्रेसो नाही होत, दाब १-२ बारच असतो, पण कॉफी इतकी दाट येते की गरम दूध घातलं तर कॅफेतल्या दुधाळ लाट्टे कॉफीच्या जवळ जाते आणि पाणी वाढवलं तर काळी पण होते, म्हणजे एका भांड्यात तुमच्या दोन्ही तऱ्हा.

फक्त घेताना लक्षात ठेवा, तीन कपी म्हणजे त्यांचे चिमुकले कप, एकूण जेमतेम दीडशे मिली. आणि अर्धा भरून करता येत नाही, जेवढा आहे तेवढा पूर्णच भरायचा. अॅल्युमिनियमचा इंडक्शनवर चालत नाही, इंडक्शन असेल तर स्टीलचा बघून घ्या. खालच्या भांड्यात आधीच गरम केलेलं पाणी, व्हॉल्व्हच्या खालपर्यंत, पावडर सपाट पण दाबायची नाही, आच अगदी मंद आणि झाकण उघडं. वर येणारी धार फिकट पिवळी झाली आणि खळखळ आवाज यायला लागला की उचला लगेच, सगळं पाणी वर चढायची वाट बघायची नाही, जळका वास नेमका तिथेच येतो. बहुतेक लोक मोका कडू म्हणून नाव ठेवतात ते मोठ्या आचेमुळे.

रबराची रिंग वर्ष-दोन वर्षांनी बदलावी लागते, कडेने वाफ यायला लागली की समजायचं. घेतानाच एक जादा घेऊन ठेवा.

मुलुंड_पूर्व

बापरे, किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार. नवऱ्याला बारचं वाचून दाखवलं, मशीन रद्द! मला वाटतं सासूबाईंसाठी फिल्टर आणि माझ्यासाठी प्रेस, म्हणजे ग्राइंडर धरूनही पाच हजारांत बसतं. पण जायफळाची कॉफी डिकॉक्शनची चांगली लागेल का? त्या सगळं एकत्र उकळतात. आणि पावसाळ्यात पावडरीचा गोळा होतो त्याचं काय करायचं? आमच्याकडे आरओ आहे, त्याचं पाणी चालेल ना?

वसईवाली

जायफळाचं मी सांगते, आमच्याकडे पाहुणे आले की हीच होते. दूध, साखर आणि किसलेलं जायफळ एकत्र मंद आचेवर दोन-तीन उकळ्या येऊ द्या, वेलची हवी असेल तर तीही यातच. मग गॅस बंद. आता डिकॉक्शन घाला, झाकण ठेवून मिनिटभर थांबा, गाळा. इन्स्टंट उकळली तरी फारसं बिघडत नाही कारण तिच्यात जाण्यासारखा वास मुळात कमीच, पण ताज्या डिकॉक्शनला उकळी दिलीत तर माटुंग्याचा फेरा फुकट. जायफळ आयत्या वेळी किसा, तयार पूड नको, आणि तिघांना दोन चिमट्यांच्या वर नको, जास्त झालं की औषधी लागतं. सासूबाईंना चिकोरीवालीच आवडेल बघा, जायफळासमोर नुसती अरेबिका फिकी पडते.

पाण्याचं म्हणाल तर आपलं भातसा, तानसा, वैतरणेचं पाणी मुळातच मऊ. त्यावर आरओ लावलं की क्षार जवळजवळ सगळेच जातात, आणि अगदी क्षार नसलेल्या पाण्यात कॉफी सपक उतरते. महापालिकेचं पाणी येत असेल तर यूव्हीवालं किंवा उकळून गाळलेलं वापरा. टँकर किंवा बोअरचं येत असेल तर मात्र आरओच बरं, जड पाण्यात कॉफी खडूसारखी लागते. मशीनवरच्या पैशांपेक्षा हा बदल स्वस्त, करून बघा.

पावसाळ्यात चिकोरीच ओल धरते, गोळा तिचा होतो. घट्ट झाकणाच्या छोट्या दोन बरण्या करा, एक रोजची, एक बंद. रोजची बरणी फ्रीजमध्ये ठेवू नका, गार बरणी दमट हवेत उघडली की आत पाणी सुटतं आणि फ्रीजमधल्या कांद्या-लसणाचा वासही लागतो. बंद बरणी फ्रीजरमध्ये चालेल, बाहेर काढली की पूर्ण नॉर्मल होईपर्यंत उघडायची नाही. चमचा कोरडा, आणि बरणी गॅसच्या शेजारी नको.

माटुंगा_रोड

चिकोरीला कमी लेखू नका हो कडक_काळी, दाक्षिणात्य घरांत ती आवडीने घेतात, काटकसर म्हणून नाही. पण काळ्या कॉफीबाबत तुमचं ऐकतो. ताई, दुकानात दोन वेगळ्या पुड्या बांधून घ्या, एक फिल्टरसाठी ८०-२०, दुसरी शुद्ध, पीबेरी किंवा प्लांटेशन ए, अख्ख्या बिया. पीबेरी म्हणजे ज्या फळात दोनऐवजी एकच गोल बी असते ती, आणि प्लांटेशन ए म्हणजे धुतलेल्या अरेबिकाची मोठ्या दाण्याची प्रत.

कडक_काळी

मान्य, दुधात चिकोरीला मी कधीच नाही म्हटलं नाही.

मुलुंड_पूर्व, ग्राइंडर एवढ्यात नको असेल तर शुद्ध कॉफीही दुकानातच दळून घ्या, पण प्रेससाठी जाडसर असं स्पष्ट सांगा, नाहीतर ते सवयीने फिल्टरचं दळतील आणि प्रेसमधून चिखल येईल. आणि दहा-बारा दिवस पुरेल एवढीच घ्या. पहिला कप आंबट, पाणचट लागला तर थोडी बारीक दळा किंवा मिनिटभर जास्त ठेवा, कडू लागला तर उलट. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने सुधारलं ते कळत नाही. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा घरात असेल तर वापरा, चमच्याने रोज वेगळी होते.

प्रेसमधला गाळ बेसिनमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो. थोडं पाणी घालून गाळण्यात उलटा करा आणि ओल्या कचऱ्यात टाका. जाळीचे तिन्ही भाग आठवड्यातून एकदा सुटे करून साबणाने धुवा, तेल राहिलं की दुसऱ्या दिवशीच्या कॉफीला खवट वास येतो.