लायकमिंग ओ-२३५ चा जुना मॅग्नेटो कुठं मिळेल? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहून राहिलो. आमच्या वर्कशॉपमधे सेसना १५२ या छोट्या विमानाचं लायकमिंग ओ-२३५ आहे, चार सिलिंडरचं पिस्टन इंजिन, पोरांना उघडून दाखवायला. दर सिलिंडरला २ प्लग म्हणजे ८ प्लग न् त्यांना ठिणगीसाठी वीज देणारे २ मॅग्नेटो, एक गेला तरी दुसऱ्यावर इंजिन चालत राहते, आरपीएम थोडा पडतो, हेच तर दाखवायचं असते अन् नेमका डावा मॅग्नेटोच गेला, आतल्या गिअरचे दात पार झिजले. मिहानमधे मोठ्या जेट इंजिनांची कामं होतात, पण पिस्टनचे पार्ट तिथं कुठले. आमचं इंजिन विमानाला लागणार नाही, म्हणून वापराचे ठरलेले तास संपलेला, बाद केलेलाही चालेल. फक्त इम्पल्स कपलिंगवाला (इंजिन सुरू करताना मॅग्नेटोला झटका देणारी स्प्रिंगची जोडणी असलेला) पाहिजे, हातानं फिरवला की टक् वाजतो तो. कोणत्या फ्लाइंग क्लबात पडला असेल तर सांगा न भाऊ, पोरांचं प्रॅक्टिकल अडून राहिलं.